फौजदाराची आई

दांडवाडीच्या नाटकात माणसं बदलली की गावाला आधी राग यायचा आणि मग सवय व्हायची. राग यायला एक क्षण पुरायचा, सवय व्हायला चार-पाच वर्षं लागायची.

काशीद सोडून मुरूडकडे चाललं की सुरूच्या झाडांआड ही कोळ्यांची वाडी लागायची. साठ-सत्तर घरं, एक देऊळ, एक शाळा आणि शाळेत दिनानाथ गुरुजी. मुरूडची नवाबी गेली, त्याच्या पुढच्या शिमग्याला गुरुजींनी एक पोलिसी नाटक बसवलं. चोरटं सोनं उतरवणाऱ्या काळूशेटला फौजदार शेलार पकडतात, एवढीच गोष्ट. पण काळूशेट झालेला कान्हा शेवटच्या प्रवेशात असा काही रंगात आला की हातातल्या बेड्यांसकट रंगमंचावरून उडी मारून थेट पुळणीवर पळाला. लोक घरी जायलाच तयार होईनात. पुढं काय झालं, ते सांगा म्हणाले. गुरुजींनी घाम पुसला आणि पुढच्या शिमग्याला सांगतो म्हणून वेळ मारून नेली. तेव्हापासून दर शिमग्याला फौजदार शेलारांचा एक नवा भाग व्हायला लागला. बारा वर्षांत काळूशेट बारा वेळा सापडला आणि बाराही वेळा निसटला.

बारा वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. पहिला फौजदार दयाराम चार शिमगे करून मुंबईच्या बंदरात नोकरीला लागला आणि त्याच्या जागी हरेश्वर आला. हरेश्वर दिसायला उजवा, आवाजानं खणखणीत, पण तो रंगमंचावर आला तेव्हा बायकांच्या बाजूनं सरळ विचारणा झाली, "ह्यो कोन रं? आमचा फौजदार कुटं गेला?" हवालदाराची तर गतच निराळी. पहिला हवालदार मुंबईला गेला, दुसरा बोर्ली पंचतनला घरजावई झाला, आणि तिसरा इतका सुटला की पाठलागाच्या प्रवेशात पळणाऱ्या काळूशेटलाच थांबून त्याची वाट बघावी लागायची.

तरी नाटक टिकलं, आणि ते टिकलं फौजदाराच्या आईमुळं. दर भागात शेवटच्या पाठलागाआधी फौजदार घरी येऊन आईच्या पाया पडायचा. आई त्याची टोपी हातात घ्यायची, तीनदा झटकायची, त्याच्या डोक्यावर ठेवायची आणि म्हणायची, "जा. पन दिवेलागनीला घरात दिस." फौजदार टाच आपटून सलाम ठोकायचा, "हुकूम!" आणि धूम पळायचा. हरेश्वरच्या पहिल्या वर्षी अर्धं नाटक कुरबुरीत गेलं होतं. पण आईनं त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि गाव गप्प झालं. आईनं ओळखलं म्हणजे फौजदार हाच, मग आपण कोण बोलणारे! चोरट्या सोन्याच्या होड्या अंधारात येत असताना फौजदारानं दिवेलागणीला घरी कसं परतायचं, हे मात्र बारा वर्षांत कुणी विचारलं नाही.

ही आई म्हणजे तुकाराम तांडेल. चांगला उंचापुरा, झुपकेदार मिशांचा, दर्यावर आवाज टाकला तर शेजारच्या होडीतली माणसं दचकावीत असा. शिमगा आला की तो मिशा उतरवायचा आणि त्या पुन्हा दिसण्याजोग्या होईपर्यंत बाजारात तोंड लपवून फिरायचा. आईचं पात्र तेवढं बारा वर्षांत एकदाही बदललं नव्हतं.

आणि कार्तिकात तुकाराम गेला.

गेला तो होडीवरच. भर दुपारी छातीत कळ आली आणि माणूस वल्ह्यावर आडवा झाला. बरोबर त्याचा बावीस वर्षांचा मुलगा अनंता होता आणि दोन खलाशी होते. त्यांनी शीड, वल्हं, जे जमेल ते करून होडी किनाऱ्याला आणली, पण आणून उपयोग नव्हता. वाडीतल्या चौघांनी उचलून त्याला घरात आणलं तेव्हा दिवेलागण व्हायची होती. तुकारामाची बायको नीराबाई चुलीपाशी तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं, आणि तिच्या मांडीवरचं सूप तसंच राहिलं.

त्यानंतर नीराबाई कामाला चुकली नाही. मासळी घेऊन बाजारात गेली, भाव करताना भांडली, घर सारवलं. एक गोष्ट मात्र तिनं सोडली. अनंता पहाटे होडीवर निघाला की ती दारात यायची नाही. चुलीकडे तोंड करून बसायची. अनंता उंबऱ्यात थोडा घोटाळायचा, "आये, जातो गो," म्हणायचा. आतून भांड्याचा आवाज यायचा, बोलण्याचा नाही. पोरगा बिचारा खाली मान घालून चालू लागायचा. आई आपल्यावर रागावली आहे, बापाला वेळेत आणलं नाही म्हणून रागावली आहे, असं त्यानं मनाशी धरलं होतं आणि विचारायची त्याची छाती होत नव्हती.

माघ सरत आला तेव्हा एका दुपारी गुरुजी नीराबाईच्या ओट्यावर येऊन बसले. बरोबर दादू होता. दादू देवळात घंटा वाजवायचा, लग्नात वाढायला उभा राहायचा, आणि गालांनी इतका गुबगुबीत होता की बाईचं काम त्याच्याकडे कधीतरी येणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्याला मिशाही नव्हत्या. गुरुजींनी बराच वेळ घसा खाकरला.

"नीराबाई, तुमच्या घरात यंदा सण नाही, हे मला कळतं," ते म्हणाले. "पण आईचं काम कुणीतरी करायला हवं. दादू करतो म्हणतो. तुकारामांचं ते लुगडं, ती चोळी तुमच्याकडेच असेल..."

"हाय," नीराबाई म्हणाली. "देनार न्हाय."

"बरं, लुगडं दुसरं बघू. पण तुमची परवानगी—"

"गुरुजी, त्या म्हातारीला मारून टाका."

दादूनं घाबरून गुरुजींकडं बघितलं.

"फौजदाराच्या आवशीला मारून टाका," नीराबाईनं पुन्हा सांगितलं. "तुमच्या हातात लेखनी हाय. तुमी मारलीत तर ती मरल. तो प्रवेश मला या गावात पुन्ना ऐकायचा न्हाय."

गुरुजी भला माणूस. विधवेपुढं वाद घालणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. ते घरी गेले आणि डोळे पुसत पुसत त्यांनी फौजदाराची आई मारली. पहिल्याच प्रवेशात फौजदाराला तार येते, तो ती वाचतो आणि "आई!" म्हणून गुडघ्यावर बसतो, असं लिहिलं.

आता यातली गंमत अशी की तालमी व्हायच्या जाळी ठेवण्याच्या मांडवात, आणि तो मांडव नीराबाईच्या परसाला लागून. रोज दुपारी हरेश्वर तार वाचायचा. गुरुजींचं समाधान होईना, म्हणून पुन्हा वाचायचा. एका दुपारी फौजदाराची आई पाच-सहा वेळा मरायची आणि प्रत्येक वेळी "आई!" ही हाक कुडाच्या भिंतीतून नीराबाईच्या कानावर यायची. तिनं मागितलं होतं ते तिला मिळालं होतं, आणि ते काही केल्या गोड लागत नव्हतं. चौथ्या दिवशी ती टोपली घेऊन उगाचच विहिरीवर जाऊन बसली.

मांडवातली गोष्ट गावात पसरायला कितीसा वेळ! बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांखाली बायकांची सभा भरली. दादूची बायको जनी सर्वांत पुढं. तिच्या नवऱ्याचं काम गेलं होतं, पण बोलताना तिनं ते तोंडावर येऊ दिलं नाही.

"फौजदार बदलला, आमी बोललो न्हाय," जनी म्हणाली. बोलल्या होत्या, पण ते असो. "हवालदार तीन झाले. पन आवस मारायची म्हंजे काय? उद्या आमचे धनी दर्यात जातील तवा काय बोलायचं?"

कारण नाटकातलं ते वाक्य केव्हाच नाटकात राहिलं नव्हतं. दांडवाडीत नवरा होडीवर निघाला की घरातली बाई टोपी झटकून त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, दिवेलागणीला घरात दिस. नवी लग्न होऊन आलेली सूनही महिन्याभरात शिकायची. सभेत ठरलं की आई नसेल तर यंदा बायका नाटकाला यायच्या नाहीत. बायका नाहीत म्हणजे पोरंबाळं नाहीत, म्हणजे समोर बसणार कोण? तर काळूशेट होणाऱ्या कान्हाचा म्हातारा बाप आणि देवळातली कुत्री.

हे सांगायला भागुबाई नीराबाईकडे आली. भागुबाई वाडीतली सर्वांत जुनी म्हातारी. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली, त्यामुळं कुणाच्याही घरात शिरताना ती विचारायची नाही. तिच्या मागून गुरुजी आले, गुरुजींच्या मागून दादू. दादूच्या हातात फौजदाराची टोपी होती, कारण ती कुठं ठेवावी हे त्याला सुचलं नव्हतं.

"नीरे, म्हातारीला जित्ती कर," भागुबाई बसता बसताच म्हणाली.

नीराबाईला खरं म्हणजे चार दिवसांत तेच हवं झालं होतं. पण असं एकदम कबूल करणारी ती नव्हती. "करा की जित्ती," ती म्हणाली. "मी कोन? पन माझ्या सासूची नक्कल या वाडीत पुरे झाली. बारा वर्सं बगितली. तिला जितेपनी सोसली, मेल्यावर बी सोसली."

भागुबाईनं काही म्हणायला तोंड उघडलं, मग काय मनात आलं कोण जाणे, मिटलं. "दादू, उठ रं," ती म्हणाली. "दाखव कशी करनार ते."

दादू उठला. त्यानं खांद्यावरचा पंचा डोक्यावरून घेतला, एक हात कमरेवर ठेवला आणि टोपी दोनदा हलवली, केरसुणी झटकावी तशी. मग लाजत लाजत म्हणाला, "जा. पन दिवेलागनीला घरात दिस."

"ही काय टोपी झटकायची रीत?" नीराबाई म्हणाली. बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण भलतीच रीत तिला बघवेना. "झटकतात कशाला, मायती हाय का तुला? टोपीला खवलं चिकटल्याली असतात. वाळली की अशी सुटत न्हाईत. आन ती टोपी."

तिनं टोपी घेतली, उलटी केली आणि मनगटाला हिसडा देऊन तीनदा झटकली. तिसऱ्या वेळी आत फुंकर मारली. डावा हात कमरेवर गेला, उजव्या हाताच्या पाठीनं नाक पुसलं गेलं. "आनि बोलायचं रागानं," ती म्हणाली. "बोलताना बगायचं न्हाय त्याच्याकडं. बगितलं तर बोलवत न्हाय. टोपीकडं बगायचं. जा. पन दिवेलागनीला..."

तिच्या लक्षात आलं की ओट्यावर कुणी हालत नाही. दादूचं तोंड उघडं होतं. गुरुजी उभे राहिले होते.

"काय झालं?"

"तुकारामदादा," दादू म्हणाला. "काकी, तुकारामदादाच उभा ऱ्हायला समोर."

"न्हाय रं बाबा," भागुबाई म्हणाली. "तुकाराम उभा ऱ्हायचा तवा ही उभी ऱ्हायची."

नीराबाईला कळेना. भागुबाईनं मग तिला हाताला धरून खाली बसवलं. "सासूची नक्कल म्हनतेस. अगो, सोनूबायनं जल्मात कवा टोपी झटकली? होड्या निघायच्या तवा ती घोरत पडल्याली असायची. तुझा धनी बारा वर्सं तुला करत व्हता. नाक पुसनं तुजं, कंबरंवर हात तुजा. सगळ्या वाडीला मायती व्हतं. तू येवडी तोंडाळ, तुला कोन सांगनार?"

"मी काही वेगळंच लिहिलं होतं," गुरुजी हळूच म्हणाले. "'जा वत्सा, कर्तव्याच्या मार्गावर विजयी हो.' पहिल्या वर्षी तुकाराम ते विसरले. पाऊण मिनिट गप्प उभे. मग त्यांनी टोपी झटकली आणि हे बोलले. मी आत चिडलो होतो. बाहेर लोक टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, हे कुठून आणलंत? तर म्हणाले, घरातून."

 नीराबाईनं टोपी दादूच्या हातात दिली आणि आत निघून गेली. तिघं एकमेकांना खुणावून निघाले.

त्या संध्याकाळी अनंता जेवायला बसला तेव्हा ताटात दोन वेळा मीठ पडलेलं होतं. त्यानं मुकाट्यानं खाल्लं. नीराबाई समोर बसली होती, त्याच्याकडं न बघता.

"अनंता," ती म्हणाली, "तुजा बापूस गेला त्या दिवशी मी त्याला बोलले न्हाय."

अनंताचा घास हातातच राहिला.

ती सांगत गेली. आदल्या दिवशी गुरुजी नवा भाग घेऊन आले होते. यंदा आईला दोन प्रवेश होते आणि तुकाराम खुशीत होता. पहाटे निघताना म्हणाला, दिवाळीला तुला आणलेलं हिरवं लुगडं शिमग्याला मला दे, फौजदाराची आई जरा झोकात दिसू दे. नीराबाईच्या डोक्यात तिडीक गेली. ती म्हणाली, तुझ्या आवशीनं जन्मभर मला धड लुगडं नेसू दिलं नाही, आता मेल्यावर माझ्या नव्या लुगड्यावर तिचा डोळा? तुकाराम त्यावर हसला. पोट धरून हसला. त्या हसण्यानं ती जास्तच पेटली. टोपी त्याच्या अंगावर भिरकावली आणि दार लोटून घेतलं. टोपी झटकली नाही आणि ते वाक्यही बोलली नाही. संसारात पहिल्यांदाच.

"त्याच दिशी," नीराबाई म्हणाली. "बाकी कवा न्हाय, त्याच दिशी. म्हनून मला ती म्हातारी मरायला पायजे व्हती. म्हनून तुज्या वक्ताला बी मी दारात येत न्हाय. माज्या तोंडाला ते शब्द येत न्हाईत रं. मी बोलायचं ते बोलले न्हाय आनि मानूस गेला."

अनंतानं हात धुतला. इतके महिने त्याच्या मनात काय होतं आणि आईच्या मनात काय होतं, ते आता त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला रडू आलं. पण त्याला एक आठवलं होतं आणि रडण्याआधी ते सांगणं भाग होतं.

"आये, मी गल्लीच्या तोंडाशी उभा व्हतो," तो म्हणाला. "बापूस हसत हसतच आला. दार लोटल्याचा आवाज मी बी ऐकला. मी बोललो, आये रागावली काय? बापूस वळला. आपल्या बंद दाराकडं बगून त्यानं टाच आपटली नि सलाम ठोकला, नाटकात ठोकतात तसा. आनि मला बोलला, चल. हुकूम झालाय."

"हुकूम झालाय?"

"तसंच बोलला. मला वाटलं, तू बोललीस."

नीराबाईनं चुलीतले निखारे उगाचच सारखे केले. बाहेर कुणाच्या तरी घरात मूल रडत होतं. मग तिनं पदर तोंडाला लावला. आधी अनंताला वाटलं ती रडते आहे, आणि रडत होतीच. पण मध्येच हसतही होती.

"मेल्यानं हुकूम पाळला बी," ती म्हणाली. "दिवे लागायच्या आत घरात आला."

अनंता उठून तिच्याजवळ जाऊन बसला. एवढा मोठा बाप्या, पण तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसला. तिनंही त्याला उठ म्हटलं नाही.

सकाळी तिनं पेटीतून हिरवं लुगडं काढलं. घडी मोडलेली नव्हती. ती दादूच्या घरी गेली आणि लुगडं जनीच्या हातात देऊन म्हणाली, "नाटकापुरतं. मासळीचा हात लावलास तर बग." दादूला तिनं चार दुपारी शिकवलं. शिकवलं काय, छळलं. हात असा नाही, नाक असं नाही, चालताना एवढं डुलायला तू काय लग्नाची वरमाय आहेस? दादू रडकुंडीला आला. गुरुजी तार फाडून टाकायला निघाले होते, पण कागद कोरा होता मागच्या बाजूनं, म्हणून त्यांनी तो जपून ठेवला. गुरुजींनी वही काढली आणि आईचा प्रवेश पुन्हा लिहिला. या वेळी वाक्य होतं तसंच लिहिलं.

शिमग्याला दिवस मावळल्यावर देवळापुढं बत्त्या लागल्या, जुन्या शिडाचा पडदा वर गेला. नीराबाई गेली नाही. घरात सण नव्हता आणि रीत ती मोडणार नव्हती. पण दाराबाहेर सारवलेल्या ओट्यावर ती बसली. तिथून देऊळ दिसत नसलं तरी ऐकू सगळं यायचं. हवालदाराला पळताना लागलेली धाप ऐकू आली. काळूशेटचं हसणं ऐकू आलं. मग एकदम शांतता झाली, आणि तिला कळलं की दादू हिरव्या लुगड्यात उभा आहे आणि लोक त्याच्याकडे बघताहेत.

बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "ही कोन गो?" म्हणणारच. कुणी बदललं की वाडीला एवढं विचारल्याशिवाय चैन पडायचं नाही.

टोपी झटकल्याचा आवाज इतक्या लांब येणं शक्य नव्हतं. तरी नीराबाईनं मोजलं. एक, दोन, तीन. फुंकर.

"जा," दादूचा आवाज आला. रागावलेला, जाडसर, टोपीकडं बघून काढलेला. आणि पुढचं त्याला एकट्याला बोलूच दिलं नाही कुणी. जनी, भागुबाई, नव्या सुना, नाती, सगळ्या वाडीच्या बायका एका दमात बोलल्या, "पन दिवेलागनीला घरात दिस!" हरेश्वरची टाच फळीवर आपटली. "हुकूम!" टाळ्यांनी देवळावरची कबुतरं उडाली.

नीराबाई ओट्यावर एकटीच बसली होती. बारा वर्षं हे सगळं तिच्यासाठी चाललं होतं आणि ती पुढच्या रांगेत बसून नाक मुरडत होती. लाडक्या माणसाची चेष्टा करावी तशी तुकारामानं तिची केली, सगळ्या गावासमोर, मिशा उतरवून, आणि तिला मात्र कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं करू दिलं नसतं, हेही खरं. तिला त्याचा फार राग आला आणि त्याची फार आठवण आली.

शिमग्याचे दिवस संपले आणि होड्या पुन्हा दर्यावर निघाल्या. अनंता पहाटे उठला. त्यानं भाकरीचं फडकं घेतलं, वल्हं खांद्यावर टाकलं आणि उंबऱ्यात सवयीनं घोटाळला.

"आये, जातो गो."

आत भांडं वाजलं नाही. नीराबाई बाहेर आली. खुंटीवरची त्याची टोपी तिच्या हातात होती. तिनं ती उलटी केली, तीनदा झटकली, आत फुंकर मारली. डावा हात कमरेवर होता. अनंता तिच्यापेक्षा हातभर उंच, म्हणून तो वाकला, आणि तिनं टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली.

"जा," ती म्हणाली. "पन दिवेलागनीला घरात दिस."

तो हसून वळणार, तेवढ्यात तिनं त्याची बाही धरली. दादूला शिकवताना तिनं बजावलं होतं की बोलताना त्याच्याकडं बघायचं नाही. आता तिनं बघितलं.

"आनि आपल्या पायानं ये," ती म्हणाली.

 उजव्या हातात भाकरी होती, म्हणून अनंतानं डाव्या हातानंच सलाम ठोकला. "हुकूम," तो म्हणाला, आणि मग पटकन निघाला, कारण आणखी थांबला असता तर दोघांनाही जड गेलं असतं.

गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्यानं मागं बघितलं. दार उघडं होतं आणि ती तिथंच उभी होती. त्या दिवशी नीराबाईनं बाजार केला, मासळी सुकवली, जनीशी लुगड्यावरून भांडण काढलं. पण दिवेलागणीपर्यंत दार काही तिनं लोटलं नाही.